यादीत दोनदा आलेलं नाव

माझ्या बायकोच्या डाव्या डोळ्याची पापणी दुपारी दोननंतर खाली यायला लागली, आणि आमच्या इमारतीतल्या मराठी मंडळींना काम मिळालं.

आम्ही शारजातल्या अल नहदामध्ये राहतो, दुबईच्या हद्दीला लागून. घर शारजात, नोकरी दुबईत, आणि मधल्या रस्त्यावर रोजचे अडीच-तीन तास. इतका वेळ गाडीत एकटा बसणारा माणूस काही विचार करत असेल, असं बाहेरच्याला वाटू शकतं. तसं होत नाही. तो व्हॉइस मेसेज पाठवतो. पापणीवर पहिल्याच आठवड्यात सहा निदानं आली. एसीचा झोत थेट डोळ्यावर येतो. मोबाइल फार बघतात. वहिनींची झोप पुरी होत नाही. डोळ्यावर कोरफडीचा गर ठेवा. पुण्यात दाखवा. एका बँकेत जोखीम व्यवस्थापन बघणाऱ्या गृहस्थांनी मीठ-मोहऱ्या ओवाळायला सांगितलं, आणि खाली लिहिलं, ‘नो साइड इफेक्ट्स’.

बायको शारजातल्या एका भारतीय शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. पापणीच्या आधीपासून आणखी काही चाललं होतं. ते मला तिच्याकडून नाही, मुलीकडून कळलं. मुलगी तेव्हा आठवीत, त्याच शाळेत होती. जेवताना ती म्हणाली, “आई राइट्स ओन्ली ऑन द बॉटम हाफ नाऊ. एव्हरीवन नोज.”

सगळ्यांना माहीत होतं, मला नव्हतं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका आर्थिक बातम्यांच्या वेबसाइटवर मी डेस्कचं काम करतो. बातमीदारानं लिहिलेलं तपासायचं, आकडा खरा आहे का बघायचं, विधानाला आधार मागायचा. मी त्यात चांगला आहे. घरात मात्र फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात बायकोचा हात पोचत नाही ही बातमी माझ्यापर्यंत तीन महिने उशिरा आली.

“तू सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“काय सांगू? हात दुखत नाही. फक्त वर राहत नाही.”

तिसऱ्या तासानंतर तिचा आवाजही नाकातून येऊ लागायचा. मागच्या बाकांवरची मुलं त्याची नक्कल करत. शाळेनं तिला सौजन्यानं ग्रंथालयात बसवायची तयारी दाखवली. तिथे उभं राहायला नको, बोलायला नको. तिनं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “मला ग्रंथालय नको, आणि अर्ध्या फळ्यावर शिकवायचंही नाही. पूर्ण फळा किंवा काहीच नाही.” त्यानंतर जे काही झालं ते सगळं या एका वाक्यासाठी झालं.

दुबईतल्या ज्या न्यूरोलॉजिस्टकडे आम्ही पोचलो त्या सीरियाच्या होत्या. पन्नाशीच्या, हळू इंग्रजी बोलणाऱ्या, हसण्याची सवय नसलेल्या. त्यांनी बायकोला दोन्ही हात समोर धरून ठेवायला सांगितले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. हात खाली आले तेव्हा त्यांनी वेळ लिहून घेतली. मग म्हणाल्या, एक खोल श्वास घ्या आणि त्या एकाच श्वासात मोठ्यानं आकडे मोजा. बायकोनं मराठीत मोजले. ती पाढे आणि आकडे दुसऱ्या कुठल्याही भाषेत करत नाही. अठ्ठावीसला श्वास संपला. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. मी सांगितलेला आकडा त्यांनी लिहिला. आमच्या घरातल्या बातमीचा पहिला अधिकृत आकडा तो.

रक्ताच्या आणि नसांच्या तपासण्यांनंतर नाव कळलं: मायस्थेनिया ग्रेव्हिस. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो, पण तो घ्यायची जागा शरीरानं स्वतःच तयार केलेल्या प्रतिपिंडांनी अडवलेली असते. त्यामुळे स्नायू वापरला की दमतो, आणि विश्रांती दिली की थोडा परततो. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती रोगप्रतिकारक पेशींना तयार करते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. माझ्या बायकोची एक्केचाळिसाव्या वर्षीही आक्रसली नव्हती. स्कॅनमध्ये ती मोठी दिसली, गाठ नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, ती काढून टाकू.

मी विचारलं, “काढली की बरं होईल?”

“मी तसं म्हटलं नाही,” त्या म्हणाल्या. सुधारणा झालीच तर महिन्यांनी दिसेल, कदाचित एक-दोन वर्षांनी. काहींना फार फरक पडत नाही. गोळ्या चालूच राहतील. मी ते वहीत लिहून घेतलं. आधार असलेलं, मर्यादा सांगणारं, नेमकं विधान. असं विधान मला माझ्या बातमीदारांकडून आठवड्यातून एकदाही मिळत नाही.

इमारतीला ते पसंत पडलं नाही. इमारतीचा अधिकृत प्रवक्ता म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ. एसीच्या कंपनीत इंजिनिअर, इथे सव्वीस वर्षं. मुलगी त्यांना काका म्हणते आणि ते मला पत्रकार म्हणतात. त्या शब्दात आदर नसतो.

“काय पत्रकार, ऑपरेशन इथे? फेब्रुवारीत? पाच महिने थांबा की. जुलैत पुण्यात उरकून टाका.”

आखातातला मराठी माणूस दुखणंसुद्धा रजेच्या वेळापत्रकात बसवतो. दाढ, हर्निया, गुडघा, मोतीबिंदू, सगळं जुलैसाठी राखून ठेवलेलं. शाळा बंद, विमान बुक, सासरी चार दिवस, माहेरी चार दिवस, मधल्या मंगळवारी पित्ताशय. अवयवानं तोपर्यंत धीर धरावा अशी अपेक्षा असते.

“तिला गिळायला त्रास व्हायला लागलाय,” मी म्हटलं. “डॉक्टर थांबू नका म्हणतात.”

“डॉक्टर इंडियन आहे?”

“सीरियन.”

“मग झालंच,” ते म्हणाले. “आणि काढायचं काय, तर थायरॉईड. माझ्या मेव्हणीला चांगली पंधरा वर्षं आहे. गोळी घेते सकाळी, खलास.”

“थायरॉईड नाही, थायमस.”

“तेच ते. गळ्यातलं ना?”

तेच ते नाही, गळ्यातलं नाही, हे मी त्यानंतर महिनाभर निरनिराळ्या माणसांना सांगितलं. कुणी चूक सुधारल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीतल्या एका मंगळवारची ठरली. डॉक्टरांची अट सरळ होती. त्या दिवशी रुग्ण जास्तीत जास्त चांगल्या स्थितीत हवा. श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू सांभाळलेले हवेत. सर्दी, ताप, काहीही झालं तर कळवायचं. आणि कुठलंही नवं औषध विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कारण इतरांना निरुपद्रवी असलेली बरीच औषधं या आजारात स्नायूंची ताकद आणखी काढून घेतात. त्यांनी एक छापील पान दिलं. त्यावर अशा औषधांची नावं होती.

ते पान मी फ्रिजवर चुंबकानं लावलं. लावण्याआधी वाचलं. वाचलं म्हणजे डेस्कवर वाचतो तसं, हातात लाल पेन घेऊन. अँटिबायोटिक्सच्या रकान्यात एक नाव दोनदा आलं होतं. मी खालचं खोडलं. पुनरावृत्ती काढल्याचं समाधान वाटलं आणि पान लावलं. त्या नावानं काय होतं, ते औषध कशावर देतात, बाजारात कोणत्या नावानं मिळतं, यातलं काहीही मला जाणून घ्यावंसं वाटलं नाही.

मंगळवारला अकरा दिवस असताना, शुक्रवारी, तिला खोकला आणि ताप आला. शारजात शाळांना शुक्रवारची सुट्टी असते. ती पडून होती. दुबईतल्या माझ्या ऑफिसला नसते, पण मी घरून काम करत होतो. मी क्लिनिकच्या नंबरवर मेसेज टाकला: ताप, खोकला, काय द्यायचं? दोन तास उत्तर आलं नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, डॉक्टर वॉर्डमध्ये आहेत, कळवते, इन्शाल्ला. इमर्जन्सीत घेऊन जा असं ती दोनदा म्हणाली. शुक्रवार दुपार, रस्ता बघून मला ते जिवावर आलं. हे कारण लिहायला लाज वाटते, पण कारण हेच होतं.

इथे एक रिवाज सांगितला पाहिजे. या देशात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फार्मसीवाला अँटिबायोटिक देत नाही. आमच्या लोकांना तो अपमान वाटतो. म्हणून दर वर्षी सुट्टीवरून येताना प्रत्येक घर बॅगेत लोणच्याच्या आणि भाजणीच्या मध्ये वर्षभराचा औषधसाठा आणतं. आमच्या इमारतीत सगळ्यात मोठा साठा समोरच्या गृहस्थांकडे आहे, चिवड्याच्या पाच किलोंच्या स्टीलच्या डब्यात. त्याला ‘इंडियाचा डबा’ म्हणतात. खोकला असो, जुलाब असोत, दात ठणकत असो, माणूस लिफ्टनं येतो, डबा उघडला जातो आणि इंजिनिअर निदान करतो. यात शिकलेली माणसं असतात. पुलांची गणितं करणारी, बँकांची जोखीम मोजणारी. मी त्यांना वर्षानुवर्षं हसत आलो होतो. त्या शुक्रवारी साडेतीनला मी त्यांच्या दाराची बेल वाजवली.

“या पत्रकार. शेवटी आलात लाइनवर.”

“खोकला आणि ताप आहे तिला.”

“कफ पिवळा?”

“हो.”

त्यांनी डब्यात हात घालून एक स्ट्रिप काढली. “ही घ्या. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. मी स्वतः घेतलीय डिसेंबरात. तिसऱ्या गोळीला उभा राहिलो, हबीबी.”

मी स्ट्रिप बघितली. वर ठळक अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव होतं. घरी येऊन मी फ्रिजवरच्या यादीत ते शोधलं. नव्हतं. तपासणी पूर्ण झाली.

पाण्याचा ग्लास घेऊन गेलो तेव्हा ती उठून बसली. “डॉक्टरांना विचारलंस?”

“मेसेज केलाय,” मी म्हटलं.

हे खरं होतं. उत्तर आलं नव्हतं हे मी सांगितलं नाही. तिनं गोळी घेतली. प्रत्येक शब्द खरा ठेवून वाचकाला चुकीच्या समजुतीत सोडणाऱ्या बातमीदारांना मी आजवर बरंच सुनावलं आहे.

शनिवारी सकाळी तिसरी गोळी झाली. अकराच्या सुमारास चहाचा घोट तिच्या नाकातून बाहेर आला. मान सरळ राहत नव्हती, हनुवटीखाली तिनं स्वतःची मूठ धरली होती. मी म्हटलं, मोज. तिनं श्वास घेतला आणि मोजायला लागली. नऊला आवाज गेला. ओठ अकरापर्यंत हलले.

गाडीत मुलगी मागे तिच्या शेजारी बसली, तिचं डोकं खांद्यावर धरून. निघताना तिनं फ्रिजवरचं पान आणि स्ट्रिप दोन्ही उचलून आणली होती. डॉक्टरांना दाखवायला लागेल, हे तिला सुचलं. हद्दीजवळ गाड्या चालण्याच्या वेगानं सरकत होत्या.

“बाबा, इट्स ऑन द लिस्ट.”

“नाही. मी बघितलंय. नाव वेगळं आहे.”

“द स्मॉल नेम, बाबा. अंडर द बिग वन.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “इट वॉज देअर ट्वाइस. यू कट वन.”

आरशात बायको दिसत होती. तिचे दोन्ही डोळे जवळजवळ मिटलेले होते. ती ऐकत होती.

ती पाच दिवस अतिदक्षता विभागात होती. नळी घालावी लागली नाही. मास्कनं श्वासाला आधार दिला आणि शिरेतून दात्यांच्या रक्तातली निरोगी प्रतिपिंडं दिली. न्यूरोलॉजिस्ट आल्या, स्ट्रिप बघितली, टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या की नुसत्या तापानंही असं होऊ शकतं. गोळीनं भर घातली. कुणाचा वाटा किती, हे सांगता येणार नाही. पुढचे काही दिवस मी ‘सांगता येणार नाही’ हे शब्द फार प्रेमानं आठवत होतो.

ऑपरेशन सहा आठवडे पुढे गेलं.

डिस्चार्जच्या कागदावर एक वाक्य होतं: रुग्णानं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय स्वतःहून अँटिबायोटिक घेतलं. मी ते काउंटरवर वाचलं. चूक होती आणि कर्ता चुकला होता. मी रोज अशा चुका दुरुस्त करून पैसे मिळवतो. मी कागद घडी घालून खिशात ठेवला.

समोरच्या गृहस्थांना मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. “कमाल आहे,” ते म्हणाले. “मला तर काहीच झालं नाही त्या गोळीनं.” त्यांना आजवर काही झालं नाही हा त्यांचा संपूर्ण वैद्यकीय अभ्यास आहे. मी त्यांच्यावर चिडलो नाही. त्यांनी कुठलीही यादी वाचलेली नव्हती.

मार्चअखेर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून फाइल चाळली. तरुण, केरळचे, घाईत. बायकोला म्हणाले, “मागच्या वेळी तुम्ही स्वतःच औषध घेतलंत. असं पुन्हा करू नका. ऑपरेशननंतर घरी आम्हाला तुमच्यावरच अवलंबून राहावं लागेल.”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. उत्तरपत्रिका हातात देताना ती मुलाकडे बघते तसं, त्याला स्वतःची चूक दिसते का एवढंच बघायला.

“ते चूक लिहिलंय,” मी म्हणालो. “तिनं घेतलं नाही. मी दिलं. तिनं विचारलं होतं, आणि डॉक्टरांना विचारलंय असं तिला वाटेल असं उत्तर मी दिलं.”

त्यांनी ते टाइप केलं. दोन ओळी झाल्या. “घरी औषधं कोण देतं?”

“मी.”

“मग यादी यांना नको, तुम्हाला पाठ पाहिजे,” ते म्हणाले. मला तिथेच पहिली सहा नावं म्हणायला लावली. मला चार आली. बायको हसली. अतिदक्षता विभागातल्या दिवसांनंतर ते हसणं अजून वाकडं होतं, गाल वर जात नव्हते. पण ते हसणंच होतं.

दुसऱ्या दिवशी छातीच्या बाजूनं तीन लहान छिद्रं पाडून ग्रंथी काढली. हाड कापावं लागलं नाही. सर्जननं बाहेर येऊन फोनवर फोटो दाखवला. निळ्या कापडावर पिवळसर, चरबीसारखा, दोन शिंगांचा तुकडा. मी इतका वेळ ज्याच्याबद्दल वाचत होतो ते असं दिसत होतं, खाटकाच्या ओट्यावर कुणी उचललंही नसतं असं.

ती घरी आली आणि फळांच्या टोपल्या आल्या. टोपल्यांबरोबर माणसं.

“काढलं ना सगळं? मग पापणी अजून पडतेच की.”

“मग गोळ्या का चालू?”

“वहिनी, मनावर घेऊ नका, पण जुलैत पुण्यात केलं असतं तर...”

बायको पलंगावर उशीला टेकून ऐकायची. बोलून दमायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं, त्यामुळे तिला उत्तर द्यावं लागत नव्हतं. आजाराचा एवढा एक फायदा तिनं पुरेपूर घेतला.

नऊ महिने झाले. ऑगस्टअखेर ती वर्गावर गेली, आधी दिवसाला दोन तास, मग चार. नोव्हेंबरात मुलगी जेवताना म्हणाली, “टॉप टू बॉटम टुडे. शी फिल्ड इट.” एका श्वासात ती आता एकतिसापर्यंत मोजते. काही दिवशी पंचवीसच. गोळ्या कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत. न्यूरोलॉजिस्टना मी विचारलं, हे ऑपरेशनमुळे का? त्या म्हणाल्या, ऑपरेशन, गोळ्या किंवा दोन्ही. इतक्यात सांगता येणार नाही. इमारतीत मात्र सगळ्यांना नक्की माहीत आहे. बँकेतले गृहस्थ मीठ-मोहऱ्यांचं नाव घेतात.

दिवाळीच्या आधी समोरचे गृहस्थ पुण्याला निघाले. दारात उभे राहून त्यांनी दरवर्षीसारखं विचारलं, “काय आणू, वहिनी?”

बायको स्वयंपाकघरात होती. फ्रिजवरचं पान तिनं नवं छापून आणलं होतं. मी खोडलेलं नाव नव्या पानावर पुन्हा दोनदा होतं. मी ते दाखवलं तेव्हा ती म्हणाली होती, राहू दे. आता ती हात वर करून त्याखाली लाल पेननं कंसात कंपन्यांची नावं लिहीत होती. पाच झाली होती, सहावं चाललं होतं. हात खाली आला नव्हता.

“बाकरवडी आणा,” ती आतून म्हणाली. “गोळ्या नकोत.”

“अहो, पण पत्रकारांना लागतील,” ते म्हणाले.

“त्यांना आता चौदा नावं येतात,” ती म्हणाली, आणि लिहीत राहिली.